राखलेलं अर्धं टेकाड

१२ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. नातीला दात आले हे वाचून बरं वाटलं; आता यजमानांचा चष्मा सांभाळ. माझे गुडघे संपावर आहेत. दिवसभर खिडकीशी बसते आणि सूनबाई देईल तो चहा निमूट पिते. मी आणि निमूट! हसू नकोस.

माझा लाडका विद्यार्थी, जो आता पुरातत्त्व खात्याचा संचालक आहे, रोज येऊन बसतो. ज्या उत्खननाने माझं नाव झालं, त्यात मी हट्टाने अर्धंच टेकाड खणलं होतं. खणलेलं पुन्हा जसंच्या तसं पुरता येत नाही. पुढच्यांकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं येतील, उरलेलं त्यांचं. तेव्हा खातं मला हसलं, नंतर तेच पाठ्यपुस्तकात आलं. माझ्या होकाराशिवाय तिथे कुदळ लागायची नाही, हेही मीच ठरवून घेतलं होतं.

"बाई, उरलेलं टेकाड आता खणू या. पहिली कुदळ तुमच्या हातची," तो म्हणाला. "मंत्री येणारेत. सत्कारही होईल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर विषय संपला. तुमचा शब्द आम्ही मोडू का?"

इथेच घोडं पेंड खातं. मंत्र्याला मी केव्हाच वाटेला लावलं असतं. पण माझा उजवा डोळा गेलाय आणि डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. काम थांबवलं त्या दिवशी कडेला एका भिंतीचा कोपरा दिसला होता. भाजक्या विटा, सुरेख बसवलेल्या. ती भिंत आत कुठे जाते? आयुष्यभर मी दुसऱ्यांना धीर धरायला शिकवलं, आणि आता माझाच सुटलाय. नासाडी झाली तरी चालेल, पण मला बघायचंय.

काल मी हो म्हटलं.

सूनबाई आनंदाने शेजारी सांगून आली. "बाई, चुकताय" असं एकही शहाणा म्हणेना. म्हणणार कोण? सगळे माझेच विद्यार्थी. मोठेपणाने माझी पुरती कोंडी केलीय गं.

शुक्रवारी सकाळी गाडी येईल. तू गुरुवारीच ये. मी चिडेन, रडेन, तुला नाही नाही ते बोलेन. काही ऐकू नकोस. मला त्या गाडीत बसू देऊ नकोस.

तू यावंस आणि येऊ नयेस, दोन्ही वाटणारी,
तुझी ताई