न धुतलेली नाव

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, त्याने हुरळून जाऊ नकोस. फोनवर तू लाडीगोडी लावतोस आणि मी विरघळते, म्हणून आज कागद घेतला.

तळ्याची दशा तू रोज बघतोसच. धक्क्यापासून पार पलीकडच्या झाडांपर्यंत पाण्याखाली ते हिरवं तण माजलंय. वल्हं घातलं की गुंडाळून वर येतं. पोहायला बंदी झालीच आहे, आता मासेही दिसत नाहीत म्हणे. हे तण कुणीतरी शोभेच्या माशांच्या काचपेटीतून वरच्या तळ्यात ओतलं, आणि ओल्या नावेला चिकटलेला त्याचा बोटभर तुकडा दुसरं अख्खं तळं गिळायला पुरतो, हे माझी चौथीची मुलं झोपेतून उठवलीस तरी सांगतील. तू तर नौका क्लबचा प्रशिक्षक.

वर्षभर शिकवलं मी त्यांना, तेही धक्क्यावर उभं राहून. दुसऱ्या पाण्यातून आलेली नाव आधी घासायची, तळातलं पाणी जमिनीवर ओतायचं, उन्हात वाळवायची, मगच तळ्यात. पाळ्या लावल्या होत्या. मुलं इतकी कडक की तुमच्या अध्यक्षांनाही बूट धुवायला लावले. तेव्हा तू हसून म्हणालास की ताईची पोरं जकातनाक्यावर बसवायला हवीत. मला कौतुकच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग शर्यतीचा दिवस आला. वरच्या तळ्यावर सराव करून तू उशिरा पोचलास, पाहुणे खोळंबलेले. पाळीवर आमची चिमणी होती, वर्गातली सगळ्यात बुटकी. तिने एक बाजू घासली नाही तोच पुरे, पुरे करत तू नाव पाण्यात ढकललीस. मी त्या दिवशी आजारी, घरी होते; हे सगळं मला रखवालदाराने सांगितलं. नंतर पहिला पुंजका उगवला तो तुझी नाव बांधतात त्याच खुंटापाशी. तरीही मी तुला चार शिव्या घालून गप्प बसले असते. तुझ्या चुका पोटात घालायची मला लहानपणापासून सवय आहे.

पण पालकसभेत सगळ्यांसमोर तू काय म्हणालास? “पोरांचं काम ते. राहिलं असेल कुठे घासायचं.” लोकांनी माना डोलावल्या, शाळेने पाळ्या बंद केल्या, आणि तू करून सवरून नामानिराळा! लाज वाटली रे मला तुझी. पाळ्या मी भांडून परत सुरू करीन, ते माझ्यावर सोड. पण मागच्या बाकावर आईला टेकून चिमणी बसली होती, ते तू पाहिलंस का?

दुसऱ्या दिवशी ती ब्रश परत द्यायला आली. म्हणाली, “बाई, माझ्याच हातून राहिलं. तळं माझ्यामुळे गेलं.” मी परोपरीने समजावलं, पण बाई आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतात आणि सर मात्र खरं बोलतात, असं तिच्या मनाने घेतलंय. आता रोज वर्गात येण्याआधी ती नळावर चपलांचे तळ घासत बसते, काही चिकटून आलं असेल तर म्हणून. प्रार्थना संपते तरी ती तिथेच असते. सोमवारी पहिल्या तासाला ये. चॉकलेटं आणू नकोस, भाषण नको. तिच्यासमोर खाली बस आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग की तिला घासू दिलं नाहीस, नाव तू ढकललीस. नाही आलास तर मीच सांगेन सगळ्या वर्गाला, आणि मग ती पोरं धक्क्यावर तुला सर म्हणणार नाहीत. मीही भाऊ म्हणेन असं समजू नकोस.

अजून तरी तुझीच,
ताई