माशांची हाडं उकळताना

माय, आज जवळा बाजार गावी गेलो होतो. माशांची मुंडकी आणि काटे घेऊन आलो. पिशवी भरता भरता मासेवाल्या बाईनं विचारलं, "सर, मांजर पाळलं का?" कोंबड्यांसाठी आहे म्हटल्यावर म्हणाली, "पहिलं एक म्हातारी न्यायची बगा असंच. मासे कधी घेतले न्हाईत तिनं, नुसती हाडं न्यायची." ती माझी आई होती, एवढं सांगता आलं असतं. पण मागं लोक उभे होते. मी पिशवी उचलली आणि निघालो.

तेव्हा परतीच्या जीपमध्ये तू अशीच पिशवी मांडीवर घेऊन बसायचीस. कुणीतरी नाक दाबून विचारतो, "मावशे, मासे कुठं गेले? हाडंच वास करून राहिली." तू म्हणतेस, "मासे तुमी खाल्ले, हाडं माझ्या कोंबड्यांला." सगळी जीप हसते. मी बाहेर बघत असतो, पण हसू मलाही येतं. घरी आल्यावर अंगणातल्या चुलीवर पातेलं चढायचं. हाडं शिजली की पत्र्यावर वाळत पडायची, आणि तू काठी घेऊन कावळे हाकत बसायचीस. मग कुटून, ज्वारीच्या कणीत मूठभर मिसळून कोंबड्यांपुढं. एकदा मी म्हणालो, एवढा खटाटोप काहून? तू रागावलीस. "रोज एक कवच घालती ती बिचारी. तिनं ते आणायचं कुठून, लेकरा?"

नोकरी संपल्यावर मीही चार कोंबड्या घेतल्या. कुत्र्यांच्या भीतीनं त्या जाळीतच असतात. या साली अंडी मऊ यायला लागली, हातात घेतली की बोट रुतायचं. मला तुझं पातेलं आठवलं. हाडं उकळली, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून ते तेलकट पाणीही कणीत कालवलं. रोज तेच दिलं. पुढच्या आठवड्यात मेहुणा आला, त्याला अंड्याची पोळी वाढली. पहिल्या घासालाच तो थांबला. "ताई, कोंबडीचं अंडं हाय का माशाचं?" बायको माझ्याकडं वळली. "अहो, आत्याबाई ते पाणी लिंबाच्या बुडाशी ओतायच्या. तुमी कोंबड्यांला पाजलं व्हय?" मेहुणा पोट धरून हसला. मीही हसलो. पण माय, मी तर तिथंच अंगणात बसलेला असायचो. तुला ते पाणी ओतताना मी एकदाही कसं पाहिलं नाही? तिनं पाहिलं होतं. त्या रात्री मला तिचा थोडा हेवा वाटला.

नंतर पाणी फेकून नुसती हाडं दिली. वास गेला, पण कवच काही पुरतं घट्ट झालं नाही. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कोंडलेल्या कोंबड्या आहेत, शिंपल्यांचा चुरा मिळतो, तो द्या, पुरे. बायकोनं वसमतहून पुडा आणवला. आता अंडी चांगली टणक येतात, टोपलीत एकमेकांना लागली की वाजतात. बायको म्हणाली, "सुटलो एकदाचे. आता ते उकळणं बंद." तिचं चुकत नाही. घरभर तो वास राहतो, पडद्यांनाही लागतो. पण तुझी लुगडी वाटून झाली, चूल मोडून तिथं फरशी बसली. तू करायचीस ते माझ्या हातानं करता येईल असं एवढं एकच उरलं होतं.

आज पिशवी बघून तिनं कपाळाला हात लावला. "परत?" मी म्हणालो, "डॉक्टरांनी चुरा आणि हाडं, दोन्ही द्यायला सांगितलंय." तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मग जुनं पातेलं काढून दिलं. "न्या मागं. आन् दार लावून घ्या."

आता मागच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. पातेल्याला उकळी येतेय. हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणून तुला सांगतो. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही.