हंबीर आणि माझा हात

१२ नोव्हेंबर
मांजरी गावाला जाऊन आलो. दशरथभाऊंच्या गोठ्याशेजारी बॉक्सर जातीच्या कुत्रीची पाच पिल्लं, आई साखळीला. शुभदाचा जीव तपकिरी मादीवर. गरीब, लगेच मांडीत येऊन झोपली. माझं ठरेना. तेवढ्यात भाऊंच्या बायकोच्या हातून घमेलं फरशीवर आदळलं. चार पिल्लं पळून आईच्या पोटाखाली. पाचवं, पांढरं, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिगळ, माझ्या बुटाची नाडी चावत होतं ते चावतच राहिलं. "हा निधडा! हाच न्यायचा," म्हणालो. भाऊ म्हणाले, "पांढरं हाय बघा. लोक न्हाई घेत." का ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
गाडीत शु. खिडकीकडे तोंड करून. हडपसर आल्यावर, "तुम्हाला हवा तोच आणलात. आता तुम्हीच करा."
नाव हंबीर ठेवलं.

१७ नोव्हेंबर
आजवरचं नुकसान: चप्पल एक, चार्जरची वायर, शु.चा चष्मा. थोबाड चिडलेल्या आजोबांसारखं, घोरतोही तसाच. आनंद झाला की नुसतं शेपूट नाही, अख्खा कमरेतून वाकतो. आम्ही दोघं तासभर बघत बसलो होतो. शु. हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

२७ नोव्हेंबर
मुलीचं, ऋताचं, नाशिकला ऑपरेशन. शु. गेली, तीन आठवडे तरी. फ्रिजवर यादी चिकटवलीय. शेवटचं कलम: ओरडू नका त्याच्यावर.

१ डिसेंबर
बोलावलं की येत नाही. दहा हाका मारल्या, मान वळवत नाही. समोर जाऊन उभा राहिलो की मात्र असा नाचतो, जणू मी आत्ताच गावाहून आलोय. नाटकी आहे.

५ डिसेंबर
सोफ्याचा पाय कुरतडला. चारदा "नाही" म्हणालो. पाचव्यांदा वर्तमानपत्राची गुंडाळी. एकच. हलकी.

८ डिसेंबर
पुन्हा. 'हलकी' लिहिणार होतो. नव्हती.

११ डिसेंबर
आज हातानंच. दोनदा. मग बाल्कनीत कोंडला, दुपारभर. खालच्या काळेबाई वर आल्या. "कुत्रं तुम्ही पाळलंयत की आम्ही? ऐकतोय आम्हीच, म्हणून विचारलं."
दार आपटलं.

१४ डिसेंबर
सुधारणा. हात नुसता वर केला की जागच्या जागी पोट टेकवतो. शु.ला फोनवर सांगितलं, शिस्त लागली. "कशी काय हो?" म्हणाली. म्हटलं, सातत्य.

१९ डिसेंबर
शु. आली. बेल वाजवली, बॅगा आपटल्या, हाक मारली. तो दाराकडे पाठ करून पडलेला, तसाच. तिनं पाठीवर हात ठेवला तेव्हा दचकून उडाला, मग ओळखलं आणि वेडापिसा झाला. ती मिनिटभर बघत राहिली. स्वयंपाकघरातून ताट-पळी आणली, त्याच्या मागं उभं राहून वाजवली. मी कानावर हात ठेवले. तो ढिम्म.
"अहो, याला ऐकू येत नाहीये."
मी म्हणालो, काहीतरीच.

२० डिसेंबर
डॉक्टरबाई. किल्ल्या, शिट्टी, टाळ्या. दोन्ही कान, बहुधा जन्मापासून. पांढऱ्या बॉक्सरमध्ये आढळतं म्हणे. "आता जे सांगायचं ते हातानं. हात दिसला की त्याला छान वाटलं पाहिजे." शु. वहीत लिहून घेत होती. मी भिंतीवरचा मांजरांचा तक्ता वाचत होतो.

पाच तारीख. आठ तारीख. अकरा. मधल्या तर लिहिल्याही नाहीत.

२३ डिसेंबर
दशरथभाऊंना फोन केला. "बदलून न्या की! ती मादी हाय अजून. ह्याचं मी बघतो काय करायचं ते." चौतीस वर्षं कारखान्यात माल तपासला. खोट दिसली की लाल शिक्का, बाजूला. सवय आहे.

२४ डिसेंबर
शु.ला सांगितलं, इंजेक्शनला नेतो. मांजरीच्या रस्त्याला लागलो. तो पुढच्या सीटवर, गियरवरच्या माझ्या मनगटावर हनुवटी टेकून झोपला. गियर बदलायचा तर त्याला उठवावं लागणार. गाडी कडेला घेतली. उसाच्या रसाच्या दुकानासमोर वीसेक मिनिटं तसाच बसलो. 'काय करायचं ते' म्हणजे काय, हे भाऊंना विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं नव्हतं.
परत फिरलो. घरी म्हणालो, डॉक्टर नव्हत्या.

९ जानेवारी
शु.च्या खुणा: तळवा खाली म्हणजे बस. तळवा समोर म्हणजे थांब. अंगठा वर म्हणजे शाब्बास. लांबून लक्ष वेधायचं तर जमिनीवर पाय आपटायचा. चार दिवसांत सगळं आलं त्याला. हुशार आहे. आधीही होताच.
माझा हात हलला की सपाट होतो. डोळे मिटतो. आज खाली ओलं झालं. मीच पुसलं, शु. यायच्या आत.

१५ जानेवारी
शु. : तुमच्याच हाताला का घाबरतो हा?
मी : पुरुषांना घाबरत असेल.
शु. : वॉचमनच्या तर अंगावर चढतो.
पेपर उघडून धरला तोंडासमोर.

१८ जानेवारी
एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंना सांगितलं, मारलंय मी त्याला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जमिनीवर बसा, हात कमरेच्या वर न्यायचा नाही, उघड्या तळव्यावर चिकनचा तुकडा. रोज. "किती दिवस लागतील?" "ते त्याच्यावर आहे. मिसेसना माहीत आहे ना? दोघांनी एकसारखं वागायला हवं." हो म्हणालो.

२ फेब्रुवारी
गुडघे बोंबलतायत. आज तुकडा हातावरून घेतला. मान एवढी ताणली, पण पाय जागचे हलवले नाहीत. घेतला आणि लांब जाऊन खाल्ला.

२१ फेब्रुवारी
सकाळी तिघं बागेत. फाटकाशी पट्ट्याची कडी निसटली. समोर मांजर. हंबीर सुसाट, पुढं मुख्य रस्ता, बस येताना दिसत होती. मी ओरडलो. ओरडलोच! मग पाय आपटत धावलो. शहाबादी फरशी हादरली असेल, कोण जाणे. फुटपाथच्या कडेला त्यानं मागं वळून बघितलं आणि माझा हात वर गेला. तळवा समोर नव्हे. वर. पूर्वी जायचा तसा.
तो तिथंच सपाट झाला. बस गेली.
उचलला तेव्हा थरथरत होता. लोक जमले. एक गृहस्थ म्हणाले, वा, काय ट्रेनिंग आहे! शु. रडत-हसत, "तुमचं ऐकायला लागला हो तो!"

घरी येऊन तिनं ऋताला फोन लावला, बाबांनी वाचवला म्हणून. तिनं फोन ठेवेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. पाच डिसेंबरपासूनचं. मांजरीच्या रस्त्याचंही. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "किती वेळा?"
"मोजलं नाही."
आत गेली.

संध्याकाळचे सहा. चहा झालेला नाही. हंबीर उंबऱ्यात बसलाय, एकदा आत बघतो, एकदा माझ्याकडे. आता उठून चार पावलं आलाय. चटईच्या कडेला थांबलाय. मी जमिनीवरच आहे. एवढं लिहून पेन ठेवतो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतो.