आईच्या हाताचा उजेड

७ जून

चि. खटक्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझंही ठीक असणार, कारण बिघडलं की तू न चुकता कळवतोस.

पत्र बघून दचकू नकोस. हे फोनवर बोलता येत नाही. मी फोन उचलला की आई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते, आणि मी कुणाशी काय बोलले याचा अहवाल नंतर मलाच देते. आज विषय तीच आहे, म्हणून हा कागद.

तू बसवून दिलेलं होम थिएटर उत्तम चाललंय. सिनेमात कुणी दार वाजवलं की तुझे भावोजी उठून आमचं दार उघडतात, इतका आवाज खरा. पण ते चालू करायला एक टोपलीभर रिमोट लागतात. एक टीव्हीचा, एक अ‍ॅम्प्लिफायरचा, एक प्लेअरचा, एक खोलीतल्या दिव्यांचा, आणि शेवटचा कशाचा ते कुणालाच माहीत नाही, पण टाकायची हिंमत होत नाही.

आईचा हात आता जास्त थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. हे ऐकायला आम्ही रांगेत बसलो होतो. तिने सिनेमे बघणं सोडलंय. विचारलं तर म्हणते, हल्ली काही बघण्यासारखं नसतं. खरं काय ते मी परवा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ती एक बटण दाबायला गेली की शेजारचं दाबलं जात होतं. पडद्याखाली कुठल्याशा भाषेतली अक्षरं आली, जी या घरात कुणाला वाचता येत नाही, आणि आवाज गेला. मी हाकेच्या अंतरावर होते. तिने हाक मारली नाही. सबंध सिनेमा तसाच मुका बघितला, आणि संपल्यावर मला म्हणाली, बरा होता, पण बोलतात फार.

मी हसले आणि मग मोरीत जाऊन उगाच नळ सोडला.

ही बाई जन्मभर नाटकांचे दिवे सांभाळत होती, खटक्या. दिग्दर्शक नव्या नटांना सांगायचे की अभिनय पुढे शिकाल, आधी विंगेत उभं राहून बाईंचा हात बघा, घाई कशी करायची नाही ते कळेल. आणि आज ती एका बटणासाठी लेकीला हाक मारायला तयार नाही.

श्रीमंतांच्या ढीगभर रिमोटांचा एक रिमोट करून देणं हा तुझा धंदाच आहे. एकदा घरच्यांकडेही बघ. तिचा सिनेमा तिला लावता आला पाहिजे. मात्र हात थरथरतो म्हणून केलंय हे तिला कळता कामा नये.

लोभ आहे तेवढा पुरे आहे, रिमोट पाठव.
ताई


१५ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र सगळ्या टोमण्यांसकट सुखरूप पोचलं.

मुक्या सिनेमाचं वाचून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसलो होतो. एक गिऱ्हाईक वाकून आत बघून गेलं.

टोपलीतले सगळे रिमोट पार्सलने पाठव. जुना रिमोट मी नव्याच्या नाकाला नाक लावून ठेवतो आणि एकेक बटण दाबतो. नवा ते ऐकून पाठ करतो. मग एकाच बटणामागे हुकमांची रांग लावतो: टीव्ही लाव, अ‍ॅम्प लाव, प्लेअर लाव, दिवे घालव. दाबणाऱ्याला वाटतं जादू झाली. आतमध्ये नुसती शिस्त असते.

परवा एका दंतवैद्याच्या घरी काम होतं. त्याला खुर्ची मागे झुकवायचंही बटण हवं होतं. त्याची बायको म्हणाली, दिवसभर लोकांना झुकवतो, आता स्वतःला झुकवून घ्यायचंय. दिलं करून. त्याला दिला तोच, आमच्याकडचा सगळ्यात भारी रिमोट आईला पाठवतो. सगळी काच. बटण शोधायला नको, चित्राला बोट टेकवलं की काम झालं.

रिमोट येईपर्यंत भावोजींना टीव्हीपर्यंत चालत जावं लागेल. त्यांना वैद्यकीय सल्ला म्हणून सांग.

तुझ्या जिभेची धार आणि माझ्यावरचा जीव, दोन्ही आहेत तशी राहोत.
खटक्या


२ जुलै

चि. खटक्यास,
आशीर्वाद, पण या खेपेला जरा कमी.

तुझी काच पोचली. आईने ती दोन्ही हातांत धरून सगळ्या बाजूंनी पाहिली, छान आहे म्हणाली, आणि शोकेसमध्ये ठेवून दिली. आता आमच्याकडे दोन टीव्ही आहेत, एक भिंतीवर आणि एक कपबश्यांच्या शेजारी.

आधी तिने प्रयत्न केला नाही असं नाही. काचेवर बोट टेकवायचं म्हणजे बोट थांबलं पाहिजे. तिचं थांबत नाही, घसरतं. चित्रं पत्ते पिसल्यासारखी सरकायला लागली. तुझे भावोजी मदतीला धावले. त्यांनी शांतपणे खोलीतले दिवे घालवले आणि मग त्यांनाच काच सापडेना.

मग तू म्हणशील की नीट काय होतं ते सांग. मी तिच्या शेजारी वाटाणे सोलत बसून पाहिलं. तिचं बोट काचेवरच्या चित्रावर एकदा पडत नाही, टकटक असं दोनदा तरी पडतं. त्यात टीव्ही लागतो, पण अ‍ॅम्प लागून लगेच बंद होतो. शिवाय दाबल्या दाबल्या ती हात रिमोटसकट पदराखाली घेते. तुझी ती शिस्तबद्ध रांग अर्धी बाहेर पडलेली असते आणि उरलेली पदरात जाते. हात का लपवते हे मी तुला सांगायला नको.

तू हुशार आहेस असं मी लोकांना सांगत असते. मला तोंडघशी पाडू नकोस.
ताई


१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. वाटाणे सोलणाऱ्या बाईला मी माझ्या दुकानात आजच्या आज कामावर ठेवायला तयार आहे. इतकं नेमकं मला एकाही गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाही.

अ‍ॅम्पची गोष्ट अशी, की त्याच्या रिमोटवर चालू आणि बंद यांना एकच बटण आहे. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. पण यंत्राच्या पोटात दोन वेगळे हुकूम असतात, एक फक्त चालूचा, एक फक्त बंदचा. कंपनी ते रिमोटवर देत नाही, पण शोधले की सापडतात. मला सापडले. आता चालूचा हुकूम तिने कितीही वेळा दिला तरी अ‍ॅम्प चालूच राहील.

पदराचाही बंदोबस्त केलाय. टीव्हीमागे एक डबी बसवायची. तिचा रिमोट डबीला सांगेल आणि डबी बाकीच्यांना, त्यामुळे कुठे रोखून धरायला नको. तिने दाबून हात खुशाल लपवावा. रिमोट म्हणजे लाकडाचा ठोकळा आहे, खाली लोखंड भरलंय, टेबलावरून हलत नाही. वर एका अंगाला चालूचं मोठं बटण, तळहाताने दाबता येईल असं. दुसऱ्या अंगाला बंदचं. मध्ये ऐसपैस रिकामी जागा, बोट चुकलं तर काहीही होणार नाही अशी. माझ्या धंद्यात रिकामी जागा कुणी मागत नाही. करताना कळलं की तीच सगळ्यात कठीण.

तो बेवारशी रिमोट भावोजींनी भंगारात दिलेल्या पंख्याचा आहे. तोही परत पाठवतोय, आठवण म्हणून ठेवा.

आईला नमस्कार सांग, कारण सांगू नकोस.
खटक्या


३० जुलै

चि. खटक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि मागे कापून घेतलेले व्याजासकट परत.

ठोकळा टेबलावर ठेवला. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्यावर तळहात ठेवला, जसा लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि दाबला. टीव्ही लागला, आवाज आला, दिवे गेले. हात थरथरत होता आणि कशालाच काही होत नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी होते, मला कुणी बोलावलं नाही. इतका आनंदाचा अपमान माझा कधी झाला नव्हता.

तुझं खरंच कौतुक वाटलं रे. लिहून ठेवते, बोलायची वेळ आली तर मी नाकबूल करीन.

आता ऐक. सिनेमा संपल्यावर आईने चष्मा काढून पुसला. मला वाटलं डोळे भरून आले असतील. तर म्हणाली, अंधार चुकतोय. दिवे एकदम मेल्यासारखे जातात आणि चित्र मागून धावत येतं. मध्ये प्रेक्षकाने करायचं काय, खोकायचं? दुसऱ्या दिवशी तिने परत लावून पाहिलं, मग परत. खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरून ‘आता’, ‘आता’ म्हणत होती. तुझ्या भावोजींनी विचारलं काय चाललंय. ती म्हणाली, तालीम. तिला असं चिडलेलं मी किती दिवसांनी पाहिलं म्हणून सांगू. ती तुला स्वतःच लिहिणार आहे. सांभाळ.

ताई


२ ऑगस्ट

चि. खटक्यास आईचे आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, सावकाश वाच. तुझा ठोकळा चांगला आहे. माझा हात थरथरतो म्हणून केलास हे मला काच आली तेव्हाच कळलं. ताईला सांगू नकोस, तिला वाटतं मला पत्ताच नाही, आणि ती त्यात खूश आहे.

दिवे एकदम घालवायचे नाहीत. आधी निम्मे, सावकाश. मग थांबायचं. तिथे माणसं आपसूक गप्प होतात, सांगावं लागत नाही. मग उरलेले खाली आणायचे. शेवटचा दिवा जाणं आणि पडदा उजळणं एकाच श्वासात झालं पाहिजे. तुझा टीव्ही जागा व्हायला वेळ घेतो, तर त्याला आधी हाक मार. आळशी नटाला लवकर बोलवावं लागतं.

सिनेमा संपल्यावरचे दिवे मात्र तू आणायचे नाहीस. ते मला हवेत. कुठल्या सिनेमानंतर लोकांना किती वेळ अंधारात बसू द्यायचं हे तुझ्या यंत्राला कळणार नाही. ते सिनेमा बघत नाही.

जेवणाच्या वेळा पाळ.
आई


१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आईच्या सूचना मी शब्दशः घातल्या आणि आधी दुकानात लावून पाहिल्या. निम्म्या उजेडाशी दिवे थांबले आणि आमच्या कामगारांची बडबड बंद पडली. कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं हा धंदा करतोय आणि मी फक्त बटणं लावत होतो. दंतवैद्याकडे जाऊन त्याचीही रांग बदलून आलो. त्याने विचारलं, हे कुठे शिकलात. मी म्हटलं, घरी.

शेवटच्या दिव्यांसाठी एक गोल मूठ पाठवतोय. फिरवू तसा उजेड वाढतो. एक तुझ्या-माझ्यातलं: तिचा हात हलला की दिवेही हलणार, म्हणून आत गाळणी घातलीय. थरथर तेवढी गाळली जाते आणि उजेड सरळ चढतो. तिला सांगू नकोस.

गुपित राख आणि जीव लाव.
खटक्या


२५ ऑगस्ट

चि. खटक्यास आशीर्वाद.

मूठ मिळाली. घडण सुंदर आहे, हातात बसते. काल सिनेमा संपल्यावर मी ती फिरवली. उजेड लोण्यासारखा वर आला. ताई आणि जावई वाहवा करत होते.

तो माझा हात नव्हता. माझा हात मला माहीत आहे, चाळीशीत कसा होता तेही आणि आज कसा आहे तेही. तिथे तू दुसऱ्या कुणाला तरी बसवलं आहेस. चालू-बंद तुझ्या यंत्राने खुशाल करावं. ते काम मी नाटकातही केलं नाही, त्याला वेगळा माणूस होता. उजेड माझा. हलला तर हलू दे.

जे काय घातलं असशील ते काढ. रागावलेली नाही. तुझं काम चोख आहे, म्हणून तर ओळखू आलं.
आई


६ सप्टेंबर

चि. खटक्यास,
अनेक आशीर्वाद. तू तिथे बसल्या जागी इंटरनेटवरून गाळणी काढलीस, ते काम इथे पोचलं.

शनिवारी आईने खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आणि त्यांच्या यजमानांना सिनेमाला बोलावलं. खुर्च्या तिने स्वतः मांडून घेतल्या, म्हणजे तुझ्या भावोजींकडून. ठोकळ्यावर तळहात ठेवला. उजेड निम्म्यावर येऊन थांबला आणि शिंपीणबाई, ज्या झोपेतही बोलत असतील अशी माझी खात्री आहे, त्या थांबल्या. मग अंधार आणि चित्र एका श्वासात आले. खटक्या, सुरेख.

सिनेमा संपला. नावं सरकून गेली तरी आईने मुठीला हात लावला नाही. तुझे भावोजी उठायला लागले, मी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. मग उजेड आला. आला म्हणजे, थरथरत आला. थोडा वर, किंचित खाली, परत वर. भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या सावल्या हलत होत्या. शिंपीणबाईंच्या यजमानांनी हळूच विचारलं की वायरिंगमध्ये काही दोष आहे का. मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, नाही, हा माझा हात आहे. आणि सगळ्यांसमोर, न थांबता, मूठ शेवटपर्यंत फिरवली. हात पदराखाली घेतला नाही. खोली पूर्ण उजळेपर्यंत कुणी उठलं नाही.

तुझी गाळणी किती चांगली होती हे आईने दोनदा सांगितलं. ती काढून टाकणं किती चांगलं केलंस हे मी एकदा सांगते.

आणखी एक. काल संध्याकाळी तिने मला हाक मारली. मी हातातली परात टाकून धावले, काय बिघडलं म्हणून. काही बिघडलं नव्हतं. म्हणाली, बस लवकर, सिनेमा लावतेय. उशिरा येणाऱ्यांसाठी मी अंधार थांबवत नाही.

तूही ये. आमचा लोभ इथे पहिल्या रांगेत जागा धरून बसलाय.
ताई