तीनशे मीटरवरचे तीन क्लिक

सानपाडा, नवी मुंबई
१७ जानेवारी २०२६

प्रिय धनेश,

ताईचे आशीर्वाद. तू आणि स्नेहल मजेत असाल. फोन असताना ताई कागद-पेन घेऊन बसली म्हणून हसशील, हस. फोनवर बोलायला आमचं घर फार लहान आहे. का, ते पुढे येईलच. चौथ्या मजल्यावरचे राजवर्धन कामासाठी मस्कतला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

बाबांची तब्येत तशी चांगली आहे. बीपी ठीक, ताटात बोंबील दिसला की भात दोनदा. दिवसा गिरजाबाई असतात त्यांच्याजवळ, म्हणून माझ्या शिकवण्या चालू आहेत. विसरणं वाढलंय, पण ते तुला माहीतच आहे.

काम असं आहे, की मला बाबांच्या दुर्बिणीचं गणित शिकव.

पावसाळ्यात रायफल जमा केली, लायसन्स परत केलं, हे तुला सांगितलं होतं. रायफलवरची दुर्बीण मात्र मी काढून ठेवली. सुताराकडून ती एका लाकडी ठोकळ्यावर बसवून घेतली आणि बाल्कनीतल्या टेबलावर ठेवली. समोरच्या रिकाम्या प्लॉटच्या भिंतीवर निशाण्याचा कागद चिकटवलाय. संध्याकाळी चहा झाला की बाबा दुर्बिणीमागे बसतात. श्वास धरतात, बोट अलगद दाबतात. हातात रायफल नाही हे त्यांच्या गावीही नसतं. मग विचारतात, "कुठं लागला रं?"

सोसायटीत आधी बोंबाबोंब झाली. सेक्रेटरी वर आले. "मॅडम, काका लोकांच्या खिडकीत बघतात अशी कंप्लेंट आहे." मी त्यांनाच दुर्बिणीमागे बसवलं. कागदाखेरीज त्यांना काही दिसेना. आता खाली भेटले की तेच विचारतात, "आज काकांचा स्कोअर किती?"

सुरुवातीला मी प्रत्येक वेळी "दहा, मधोमध" असंच सांगायची. म्हटलं, म्हातारा जीव, खूश होईल. एके दिवशी त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "खोटं बोलू नको. सगले कसं मधी लागतीन? वारा नाय दिसत?"

मग मी चुका बनवायला लागले. म्हटलं, "नऊ सेंटिमीटर खाली." ते म्हणाले, "मंग कती क्लिक?" नेम वर-खाली करणाऱ्या वरच्या चकतीचा एक क्लिक म्हणजे एक सेंटिमीटर, एवढं तुम्हा दोघांच्या जेवतानाच्या गप्पांतून माझ्या कानावर पडलं होतं. मी ठोकून दिलं, "नऊ वर." बाबांचा चेहरा असा काही उतरला! "अरं, आपन तीनशे मीटरवर हाव. तीन क्लिक. कितींदा शिकवलंय तुना?"

सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही. आई गेली हे दर थोड्या दिवसांनी नव्याने सांगावं लागतं, आणि दर वेळी ते नव्याने रडतात. पण हे मात्र लख्ख!

आयुष्यभर पोरांना भूमिती शिकवली, पण मला हे समजायला हॉलमध्ये लोकर ताणावी लागली. दाराच्या खिळ्याला दोन धागे बांधले, एक सरळ, दुसरा किंचित कलता. खिळ्यापाशी दोघांत बोटाचंही अंतर नाही, बाल्कनीपाशी पोहोचेपर्यंत वीतभर झालं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. क्लिकला सेंटिमीटर कळत नाहीत, त्याला फक्त कोन कळतो. चकती फिरते तेवढीच, पण शंभर मीटरवर जो एक सेंटिमीटर, तोच तीनशेवर तीन. म्हणून नऊला तीनने भागायचं. शिकवणीची पोरं विचारत होती, "टीचर, संक्रांत तर झाली, आता कसला मांजा?" गिरजाबाई धाग्यात पाय अडकून पडता पडता वाचल्या.

तर खालीवरचं मला आता जमतं. बाजूच्या चकतीचं, वाऱ्याचं, अजिबात जमत नाही. खाडीकडून वारा आला की तू किती सांगायचास? कशावरून ओळखायचास? परवा वारा उजवीकडून होता आणि मी "डावीकडे दोन" म्हणून बसले. गोळी आधीच डावीकडे ढकलली जाणार, त्यात मी आणखी डावीकडे पाठवली. बाबांनी टेबल ढकललं, रात्री जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं ध्यान कुठं हाय आज, धनेश?"

हो, बरोबर वाचलंस. बाबा मला धनेश म्हणतात.

म्हणून फोन नको. त्यांच्यासमोर मी "हॅलो धनेश" म्हटलं की ते घाबरतात. धनेश तर इथे बसलाय, मग फोनवर कोण?

पहिल्यांदा मी त्यांना समजावलं, "बाबा, मी धनेश नाही." तर त्यांनी घरभर तुला शोधलं, पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. पुन्हा मी तसं कधी बोलले नाही. चहा घेऊन जाते तेव्हा मी त्यांच्या लेखी कुणी वेगळीच असते. एकदा कप ठेवून मी मागे येऊन बसले, तर त्यांनी हळूच विचारलं, "चा देते ती बाई कुनाची रं? चांगली हाय." मी म्हटलं, "शेजारची हाय, बाबा."

तुम्ही दोघं रविवारी रेंजवर जायचात, मी आणि आई डबा भरून द्यायचो. मला कुणी "चल" म्हटलं नाही, मीही हट्ट केला नाही. आता पन्नाशी उलटल्यावर रोज जाते. खरं सांगू? मला आवडतं. आकडा बरोबर आला की बाबा माझ्या डोक्यावर टपली मारतात. अशी टपली मला लहानपणी कधी मिळाली नव्हती. ती तुझी आहे हे माहीत असूनही मी घेते, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते.

शिमग्याला तू महिनाभर रजा काढून येतोयस. "ताई, तू आराम कर, बाबांजवळ मी बसतो," म्हणालास. तेव्हापासून मला धड झोप नाही. त्या खुर्चीत तू बसलास की मी कोण उरते? शेजारची चहावाली बाई. तुझी रजा नामंजूर व्हावी, इतका वाईट विचार माझ्या मनात येऊन गेला. तुझा रागही आला. तुझा त्यात काय दोष, पण आला.

आणि याहून कठीण आहे ते अजून लिहिलेलंच नाही. गेल्या आठवड्यात बाबांना तुझा फोटो दाखवला. म्हटलं, येण्याआधी जरा ओळख राहू दे. तुझ्या ऑफिसच्या पार्टीतला, चष्मा आणि पिकलेली दाढी. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मोठं साहेब दिसतान. आपल्याकं येनार हान का? मंग खुर्ची द्या त्याना."

त्यांचा धनेश अजून सातवीत आहे रे. आवाज बारीक करून तो मी होऊ शकते. तू नाही होऊ शकत.

हे फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना, आणि दारात उभं राहून तुला कळावं असंही वाटेना. म्हणून हा कागद. काय रडायचं ते तिकडेच रडून घे आणि मग ये. नक्की ये, रजा रद्द करू नकोस. संध्याकाळी माझ्या मागे बस आणि मला कानात वारा सांग. तुझा आकडा मी मोठ्याने म्हणेन. टपली माझ्या डोक्यावर पडेल, पण ती कुणाची ते आपल्या दोघांना ठाऊक असेल.

उत्तर राजवर्धनांबरोबरच पाठव. वाऱ्याचं सविस्तर लिही. आणि वर "प्रिय ताई" लिहू नकोस, माझं नाव लिही. पोरांसाठी मी टीचर, गिरजाबाईंसाठी ताई, सोसायटीत मॅडम. आई गेल्यावर मला नावाने हाक मारणारे एकटे बाबाच उरले होते. निदान कागदावर तरी ते नाव मला एकदा बघू दे.

तुझी,
उन्नती