निळी टोपी तेवढी परत पाठव

लंडन, मार्च १६७१

प्रिय ल्यूसी,

घेंटच्या आपल्या कॉन्व्हेंटात शुक्रवारी खारवलेला मासा असायचा. तो तू बाहीत लपवायचीस आणि हसू मला फुटायचं. एकदा शिक्षा म्हणून दोघींनी मिळून जिना घासला, तेव्हाच ठरलं होतं, म्हातारपणी इथेच शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचं. तू तर नन होऊन राहिलीसच.

मी कापडाच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. ऑगस्टमध्ये स्मिर्नाहून येणारं जहाज बुडालं आणि माझा हम्फ्री गेला, हे तुला कळवलंच होतं. प्रेत मिळालं नाही, तरी रीत सोडली नाही. भिंतींवर काळं कापड लावलं, चाळीस जणांना काळे हातमोजे वाटले. त्याची झोपताना घालायची निळी टोपी तेवढी उशाशी ठेवली.

आता हस. गेल्या मंगळवारी मी जेवायला बसले, तोच दार उघडून हम्फ्री आत! मोलकरीण टॅबिथाच्या हातून सूप सांडलं. "बाईसाहेब, भूत!"

"भूत काय, गाढवे! आधी बूट काढ माझे."

ताप आला म्हणून तो वाटेत इटलीत, लिव्होर्नोच्या बंदरातच उतरला होता, आणि मग महिनोन्‌महिने अंथरुणातच. "अगं, पत्र पाठवलं होतं की!" म्हणाला. कोणत्या जहाजाने? त्याच, बुडालेल्या!

मी रडतेय, आणि हा भिंतीवरचं कापड चिमटीत धरून बघतोय. "उर्सुला, हे डच कापड! इंग्लिश व्यापारी मेला आणि घरात डच कापड? लोक काय म्हणाले असतील!" मग हातमोज्यांची यादी. "त्या पर्किन्सलासुद्धा? त्या लबाडाला मी जिवंतपणी साधी मान डोलावत नव्हतो!" आता रोज बाजारात जाऊन लोकांचे हात बघतो. कुणी ते हातमोजे घालून भेटलं की दिवसभर खूश.

घरी आला की मात्र एकच, "माझी निळी टोपी कुठंय?" टॅबिथानेच चोरली म्हणतो. ती बिचारी शपथा घेते आणि मी गप्प बसते. कारण टोपी माझ्या पेटीत आहे, आणि पेटी जानेवारीतच तुझ्याकडे गेली. तिच्या मागोमाग मी येणार होते, कायमची. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

ल्यूसी, मी येत नाही. पेटी उघड. राखाडी शाल तुला. लोकरी मोजे दारावरच्या सिस्टर ॲग्नेसला, आणि माझ्यासाठी ठेवलेली खोलीही तिलाच, तिथे ऊन येतं. आईची जपमाळ तिथल्याच खिळ्याला अडकव. लेस टॅबिथाला, चोरीचा आळ सोसला म्हणून. त्या लेसमध्येच गुंडाळून टोपी पहिल्या जहाजाने पाठव. धुऊ मात्र नकोस.

तुझीच,
उर्सुला