मागे पडणारा स्पीकर

दिनांक १४ मार्च, रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. मायक्रोफोनची जाळी जुन्या टूथब्रशने साफ करत होतो, ते काम बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे.

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूंचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. (नववीनंतर शाळा सुटली तरी पाट्या रंगवण्याच्या कामामुळे माझे शुद्धलेखन पक्के आहे, चूक दिसल्यास कळवावे.) इकडे सर्व ठीक, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले.

ताईच्या लग्नात तुम्ही दोघे गात असताना बाबा तुम्हाला सगळ्यांसमोर "तू नेहमी मागे पडतोस, बस खाली" म्हणाले आणि तुम्ही माईक ठेवून निघून गेलात, त्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून बाबा गायले नाहीत, आणि हल्ली बोलणेही आटले आहे. मागच्या मंगळवारी मी मोजले: दिवसभरात अकरा शब्द, त्यांत तीन 'हं'. मला धास्ती वाटली, म्हणून घरातच स्वस्तात कराओके जमवायचे ठरवले. भाड्याने स्पीकर देणाऱ्याकडून जुना मिक्सर घेतला. (आईने आधी त्याचे भांडे कुठे आहे ते विचारले.) मायक्रोफोन एकटा महाग आणि जोडी स्वस्त, म्हणून जोडी आणली. स्पीकर बिनतारी घेतला, कारण वायरी आईच्या पायात येतात. मोबाइलवर गाण्याचे नुसते संगीत लावले आणि सर्व बटणे दोनदा तपासली.

बाबांनी कशीबशी पहिली ओळ म्हटली. तीच ओळ कोपऱ्यातल्या स्पीकरमधून जरा उशिरा आली. बिनतारी स्पीकरला आवाज पोचायला वेळ लागतो हे सगळ्या गल्लीला माहीत होते, मला नव्हते. बाबा थांबले. स्पीकरकडे बघून म्हणाले, "अरे, हा मागे पडतोय." मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तर म्हणाले, "राहू दे. येईल दमादमाने." मग प्रत्येक ओळीनंतर ते थांबायचे, स्पीकरला पोचू द्यायचे, आणि मगच पुढची ओळ घ्यायचे. संगीत कधीच संपले होते. आई दारातून म्हणाली, "सख्ख्या भावासाठी कधी एवढं थांबला नाहीत." बाबांनी तेच गाणे पुन्हा लावायला लावले.

दुसऱ्या दिवशी मी वायर आणून दोष दूर केला. बाबा दोन ओळी गायले, "तो कुठे गेला?" असे विचारले आणि मायक्रोफोन खाली ठेवला. वायर काढावी लागली. पाटीवर अक्षर वाकडे आले की मी ते पुसून सरळ करतो. दुरुस्ती म्हणजे एवढेच, असे मला आजवर वाटत होते.

आपला पुतण्या

ता.क. दुसरा मायक्रोफोन कुणी वापरत नाही, तरी त्यात सेल आहेत ना, हे बाबा रोज विचारतात. पुढच्या रविवारी चार वाजता यावे. मी पत्र लिहितो आहे हे बाबांना माहीत नाही.

आणखी ता.क. बाबा मागे उभे राहून वाचत होते. लग्नातले ते वाक्य खोड म्हणतात. लिहिलेला कागद मी खराब करत नाही. तरी ते खोडले आहे असे धरून चालावे.

हिशेब: मिक्सर १,८००, मायक्रोफोनची जोडी ९५०, स्पीकर २,२००, वायर १४०. एकूण ५,०९०, पैकी स्पीकरवाल्याचे ६०० देणे आहे. वायरचे १४० सध्या वाया गेलेले आहेत. तुम्ही येणार असाल, तर ती जोडून ठेवतो.